विममध्ये स्वतःचा ऑपरेटर लिहिण्याआधी टेक्स्ट ऑब्जेक्ट लिहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात हिशोबाचं काम पाहणारे गृहस्थ रोज संध्याकाळी हळदीच्या पट्ट्यांची, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबाच्या कागदांची, साधी मजकूर फाइल विम या कीबोर्डवर चालणाऱ्या मजकूर-संपादकात उघडतात. बिलिंगच्या जुन्या प्रोग्रॅममधून ती निघते. आकडे देवनागरी करायचे, रकमांना लाख-कोटीच्या पद्धतीने स्वल्पविराम द्यायचे आणि निवडक पट्ट्या उचलून दुसऱ्या फाइलीत टाकायच्या, एवढं काम. त्यांनी मॅक्रो, म्हणजे दाबलेल्या कींची नोंद, करून पाहिले, ते थोड्या पट्ट्यांनंतर भरकटतात. मग एक लांबलचक मॅपिंग केलं, म्हणजे एका कीला अनेक कींचं काम जोडलं, पण शेवटचा बदल पुन्हा करणारं टिंब दाबलं की त्यातला शेवटचा तुकडाच पुन्हा होतो. त्यांचं विचारणं असं की, आकडे बदलणारा स्वतःचा ऑपरेटर कसा लिहायचा?

ऑपरेटर म्हणजे मजकुरावर काय करायचं ते सांगणारी की. तो लिहिता येतो, आणि कसा ते पुढे सांगतोच. पण हे काम करणाऱ्या बहुतेकांची गाडी जिथे अडते ती जागा ऑपरेटरची नसते. आपण विमला ‘काय करायचं’ ते सांगायला निघतो आणि ‘कशावर करायचं’ ते अर्धवट सोडतो. मॅक्रो भरकटतो तो याच कारणाने. त्यात ‘तीन ओळी खाली जा, चौथ्या खांबावर (कॉलमवर) जा’ असं मोजमाप भरलेलं असतं, आणि एखाद्या पट्टीत मालाच्या दोन ओळी आल्या की सगळं मोजमाप सरकतं. म्हणून माझा सल्ला सरळ आहे: आधी टेक्स्ट ऑब्जेक्ट लिहा, म्हणजे ‘कशावर करायचं’ तो मजकुराचा तुकडा विमला नेमका ओळखायला शिकवा. तो नीट जमला की निम्म्या कामाला स्वतःचा ऑपरेटर लागतच नाही. डी (काढणे), वाय (नक्कल घेणे), सी (बदलणे) हे विमचे मूळचे ऑपरेटर पुरतात.

पार्श्वभूमी दोन ओळींत. बिल जॉय यांनी १९७६ च्या सुमारास विमचा पूर्वज व्हीआय लिहिला तेव्हा त्यात ऑपरेटर आणि कर्सरच्या हालचाली होत्या, पण टेक्स्ट ऑब्जेक्ट नव्हते. कर्सर शब्दाच्या मध्ये असताना ‘हा अख्खा शब्द’ म्हणता येत नव्हतं. ती सोय ब्राम मोलेनार यांच्या विममध्ये आली, आणि २००६ साली निघालेल्या विमच्या सातव्या आवृत्तीने आपल्याला स्वतःचा ऑपरेटर बनवण्याचं अधिकृत दार उघडून दिलं. त्या दाराचं नाव ऑपरेटरफंक हा ऑप्शन आणि जी@ ही की.

आता तुमची फाइल. तुमच्या वर्णनावरून नमुन्याची पट्टी अशी धरतो:

पट्टी क्र. 412
शेतकरी: (नाव) | मोबाईल: (दहा अंक) | गाडी: एमएच 10 …

राजापुरी हळद | पोती 18 | वजन 1062.50 | दर 14200 | 150875.00

हमाली 270.00 | तोलाई 90.00
निव्वळ देणे | 150515.00

मध्ये रिकाम्या ओळी आहेत, म्हणून विमचा परिच्छेदाचा ऑब्जेक्ट, म्हणजे आय-पी, इथे उपयोगाचा नाही. तो रिकाम्या ओळीवर थांबतो. आपल्याला ‘पट्टी’ नावाची वस्तू विमला नव्याने शिकवायची आहे. तिच्यासाठी आय-एच आणि ए-एच या जोड्या घेऊ. एच हा हिशोबाचा.

टेक्स्ट ऑब्जेक्ट म्हणजे ऑपरेटर-पेंडिंग मोडमधलं एक मॅपिंग. डी दाबल्यावर विम ज्या क्षणी ‘कशावर?’ म्हणून थांबतो, तो हा मोड. त्या वेळी आपल्या मॅपिंगने व्हिज्युअल मोडमध्ये काही मजकूर निवडून ठेवला, की विम तोच मजकूर ऑपरेटरच्या स्वाधीन करतो. नियम एवढाच. म्हणून फंक्शनचं काम फक्त सुरुवात शोधणं, शेवट शोधणं आणि तेवढं निवडणं. त्याने मजकुराला हात लावायचा नाही.

शोधायला विमचं सर्च फंक्शन आहे, आणि सगळी गंमत त्याच्या झेंड्यांत, म्हणजे फ्लॅगमध्ये आहे. सुरुवात शोधताना बी, सी आणि मोठा डब्ल्यू हे तिन्ही द्या. बी म्हणजे मागे शोध. सी म्हणजे कर्सर आहे त्याच जागी जुळलं तर तेही धर. सी दिला नाही आणि कर्सर ‘पट्टी’ शब्दाच्या पहिल्याच अक्षरावर असला, तर विम या पट्टीला सोडून आधीची पट्टी पकडतो, आणि तुम्ही डी मारलेला असतो. मोठा डब्ल्यू म्हणजे फाइलीच्या टोकाला पोहोचलास की वळसा घालू नकोस. तो विसरला तर फाइलीच्या अगदी वरच्या रिकाम्या ओळीवरून मागे शोधताना विम थेट तळाची शेवटची पट्टी आणून देतो.

शेवट शोधताना पुढे जायचं, पण कर्सरच्या मूळ जागेवरून नाही, सापडलेल्या सुरुवातीवरून. ‘निव्वळ देणे’ने सुरू होणारी ओळ सापडली की दोन तपासण्या करा. पहिली: ही ओळ कर्सरच्या मूळ ओळीच्या वर तर नाही ना? तशी असेल तर कर्सर दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत आहे आणि तुम्ही मागच्या पट्टीवर घाला घालायला निघाला आहात. दुसरी: सुरुवात आणि शेवट यांच्या मध्ये दुसरी ‘पट्टी क्र.’ची ओळ आली का? रद्द झालेल्या पट्टीला निव्वळची ओळ नसते, मग शोध पुढच्या पट्टीत घुसतो आणि दोन पट्ट्या एक समजून उचलतो. या दोन तपासण्यांशिवाय लिहिलेला ऑब्जेक्ट नमुन्याच्या फाइलीवर छान चालतो आणि खऱ्या फाइलीवर एक दिवस शेतकऱ्याची पट्टी गायब करतो. पैशांची कागदपत्रं आहेत, म्हणून यावर मी अडून बसतो.

दोन्ही टोकं हाती आली की सुरुवातीला जा, मोठ्या व्हीने ओळवार निवड सुरू करा आणि शेवटच्या ओळीवर जा. ‘आय’ प्रकारात पट्टी क्रमांकाची आणि निव्वळची ओळ सोडा, ‘ए’ प्रकारात दोन्ही घ्या आणि खालच्या रिकाम्या ओळीही घ्या, म्हणजे पट्टी काढल्यावर मागे भोकं राहत नाहीत. विमचा स्वतःचा ए-डब्ल्यू शब्दानंतरची मोकळी जागा सोबत घेतो, त्याच रिवाजाला धरून.

मॅपिंग दोन लागतात: एक ऑपरेटर-पेंडिंगसाठी, एक व्हिज्युअलसाठी. दोन्ही एकाच फंक्शनला हाक मारतात. कोलन वापरून हाक मारणार असाल तर कोलननंतर कंट्रोल-यू द्यायला विसरू नका. व्हिज्युअल मोडमधून कोलन दाबलं की विम निवडीच्या खुणा आपणहून आणून ठेवतो. त्या पुसल्या नाहीत तर फंक्शन प्रत्येक ओळीसाठी एकेकदा चालतं. विमच्या अलीकडच्या आवृत्त्यांत आणि विमपासून निघालेल्या निओविममध्ये कमांड (<Cmd>) मॅपिंग आहे, त्यात ही कटकट नाही. जमेल तिथे तेच वापरा.

काहीच सापडलं नाही तर काय? नुसतं परतलात तर डी आणि वाय काही करत नाहीत, पण सी मात्र इन्सर्ट मोडमध्ये नेऊन सोडतो, आणि पुढे दाबलेल्या की मजकुरात उमटतात. स्वच्छ उपाय म्हणजे एक्सप्रेशन मॅपिंग, कोणत्या की दाबायच्या ते आयत्या वेळी ठरवणारं: आधी कर्सर न हलवता तपास, सर्चच्या एन झेंड्याने. पट्टी असेल तर फंक्शनची हाक परत कर, नसेल तर एस्केप परत कर.

इथे एक खोल खड्डा आहे. एक्सप्रेशन मॅपिंगमधून ओळींचे आकडे परत करण्याचा मोह होतो: ‘१२ व्या ओळीवर जा, निवड, १९ व्या ओळीवर जा’. पहिल्यांदा ते बरोबर चालतं. पण टिंब दाबलं की विम एक्सप्रेशन पुन्हा मोजत नाही. त्यातून निघालेल्या की जशाच्या तशा पुन्हा दाबतो. म्हणजे तुम्ही तिसऱ्या पट्टीवर उभे राहून टिंब दाबता आणि बाराव्या ओळीवर पुन्हा काम होतं. म्हणून एक्सप्रेशनमधून फक्त फंक्शनची हाक परत करा. जागा शोधण्याचं काम त्या फंक्शनच्या पोटात राहू द्या, तपासण्यांसकट.

एवढं झालं की ‘पट्ट्या उचलून दुसऱ्या फाइलीत टाकायच्या’ हे तुमचं काम संपलं. वाय-ए-एच, दुसरी फाइल, पी (चिकटवणे). ऑपरेटर एकही लिहिला नाही.

खुणेचा शब्द निवडताना मराठीतली एक अडचण ध्यानात ठेवा. ‘शेतकऱ्याचे नाव’ ही ओळ खूण म्हणून घेतलीत तर काही पट्ट्या सापडतील, काही नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतील. ऱ्य मधला अर्धा र युनिकोडमध्ये एकाहून जास्त रीतींनी टाइप होतो: सरळ ऱ आणि हलन्त, किंवा र खाली नुक्ता आणि हलन्त, किंवा र, हलन्त आणि न दिसणारा जोडणारा कोड. कीबोर्ड बदलला की रीत बदलते. संशय आला तर कर्सर त्या अक्षरावर नेऊन जी-८ दाबा, विम त्याचे बाइट दाखवतो. म्हणूनच मी वर ‘पट्टी क्र’ आणि ‘निव्वळ देणे’ असे बिनरफाराचे, सरळ शब्द घेतले.

आता रकमेचा ऑब्जेक्ट. स्वल्पविरामाचा ऑपरेटर अख्ख्या पट्टीवर चालवलात तर मोबाईल नंबर शेकडो कोटींची रक्कम होऊन बसेल. बरेच जण यावर ऑपरेटरच हुशार करायला जातात: दहा अंकी असेल तर सोड, आधी ‘गाडी’ शब्द असेल तर सोड, बँकेचा खाते क्रमांक असेल तर सोड. हे अपवाद कधी संपत नाहीत. ऑपरेटरला भोळाच ठेवा आणि ऑब्जेक्टला नेमकं करा. आय-आर म्हणजे रक्कम: त्याच ओळीत, अंक, असलेच तर स्वल्पविराम, मग दशांशचिन्ह आणि दोन अंक. मोबाईलला दशांशचिन्ह नसतं, गाडीलाही नसतं. नमुन्यातला दर पूर्णांकात आहे, तो या व्याख्येबाहेर राहतो. उलट वजन 1062.50 आत येतं, कारण तेही दोन दशांशांत आहे. तुम्हाला दरालाही स्वल्पविराम हवा असेल तर ‘दर’ शब्दानंतरचा आकडा अशी जोड द्या. अशी व्याख्या फाइल बघूनच ठरते, ती कुणी बाहेरून देऊ शकत नाही.

हा ऑब्जेक्ट आणखी सुखाचा करायचा असेल तर कर्सर रकमेवर नसला तरी ओळीत पुढे असलेली पहिली रक्कम धरू द्या. विमचा अवतरणचिन्हांचा ऑब्जेक्ट असाच ओळीत पुढे बघतो, म्हणून हाताला ती सवय असते. ओळ घ्या, मॅच-स्ट्रिंग-पोझिशनच्या फंक्शनने एकेक रक्कम शोधत चला, आणि जिचं शेवटचं टोक कर्सरच्या पुढे आहे ती पहिली उचला.

उभ्या रेघांमधल्या रकान्यासाठी आय-| सुद्धा पाच मिनिटांत होतो. फक्त मॅपिंग लिहिताना उभी रेघ तशीच टाकू नका. विम तिला कमांडचा शेवट समजतो. कोनी कंसात ‘बार’ असं तिचं नाव लिहावं लागतं. आणि ‘ए’ प्रकारात एकाच बाजूची रेघ घ्या, दोन्ही घेतल्यात तर रकाना काढताना शेजारचे दोन रकाने चिकटतात.

आता तुमचा मूळ प्रश्न, ऑपरेटर. त्याची रचना एका फंक्शनमध्ये मावते. लीडर-एस (लीडर म्हणजे स्वतःच्या मॅपिंगसाठी राखलेली की) असं एक्सप्रेशन मॅपिंग करा. ते फंक्शनला आर्ग्युमेंट न देता बोलावतं. आर्ग्युमेंट नाही असं दिसलं की फंक्शन ऑपरेटरफंकमध्ये स्वतःचंच नाव भरतं आणि जी@ परत करतं. जी@ हा खरा ऑपरेटर आहे, म्हणून विम आता हालचालीची किंवा टेक्स्ट ऑब्जेक्टची वाट बघतो. तुम्ही आय-आर दिलंत की विम त्या मजकुराच्या दोन टोकांना '[ आणि '] या खुणा लावतो आणि तुमचं फंक्शन पुन्हा बोलावतो, या वेळी आर्ग्युमेंट देऊन: ‘लाइन’, ‘कॅर’ किंवा ‘ब्लॉक’. म्हणजे निवड ओळवार आहे, अक्षरवार आहे की चौकोनी.

एका ओळीवर चालवायची सोय हवी असेल, जसं डी-डी असतं, तर लीडर-एस-एस ला फंक्शनच्या उत्तरानंतर अंडरस्कोर जोडून द्या. अंडरस्कोर ही ‘चालू ओळ’ नावाची हालचाल आहे. आधी ३ दिलात तर तीन ओळी घेते.

सगळ्यात जास्त बिघडणारी जागा म्हणजे ते आर्ग्युमेंट न वाचणं. बरेचजण फंक्शनच्या आत '[ ते '] एवढ्या ओळींवर सबस्टिट्यूट ही शोधून बदलण्याची कमांड चालवून मोकळे होतात. सबस्टिट्यूट ओळवार आहे. तुम्ही आय-आर म्हणालात, म्हणजे एक रक्कम, आणि बदलली अख्खी ओळ. मग वाटतं ऑब्जेक्ट चुकतोय. ऑब्जेक्ट बरोबर होता, ऑपरेटरने त्याचं ऐकलं नाही.

दुसरी बिघडणारी जागा खास आपल्यासाठी आहे, आणि तिच्यावर इंग्रजी मजकुरात काम करणाऱ्यांची नजर क्वचितच जाते. ओळ घेऊन तिचा तुकडा खुणांच्या खांबांवरून कापायचा, ही रीत देवनागरीत मोडते. विममध्ये खांबाचा आकडा बाइटमध्ये असतो, अक्षरांत नसतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं. ‘हळद’ हा शब्द नऊ बाइटचा. ‘सांगली’मध्ये काना, अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी धरून सहा चिन्हं, म्हणजे अठरा बाइट. '] ही खूण शेवटच्या अक्षराच्या पहिल्या बाइटवर असते. ‘हळद’ ओळीच्या सुरुवातीला असेल तर ती सातव्या बाइटवर, आणि तिथवर कापलंत तर ‘द’चा एक तृतीयांश हाती येतो. पडद्यावर ‘ई०’ असा हेक्स आकडा दिसू लागला की समजा हेच झालं आहे, कारण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट तोच असतो. इंग्रजीत अक्षर एक बाइटचं, म्हणून ही चूक तिथे लपून राहते.

म्हणून कापाकापी स्वतः करू नका, विमकडूनच करून घ्या. '[ आणि '] च्या मधला भाग आर्ग्युमेंटप्रमाणे छोट्या व्हीने, मोठ्या व्हीने किंवा कंट्रोल-व्हीने निवडा (छोट्या व्हीच्या वेळी खुणेकडे जाताना बॅकटिक वापरा, साध्या अवतरणचिन्हाने खांब हरवतो), रजिस्टरमध्ये, म्हणजे विमच्या तात्पुरत्या साठ्यात, यँक (नक्कल) करा, रजिस्टरमधला मजकूर फंक्शनने बदला, निवड पुन्हा करून तिच्यावर पेस्ट करा. ‘काढा आणि मग आधी चिकटवा’ हा मार्ग ओळीच्या शेवटी एक अक्षर अलीकडे-पलीकडे करतो. निवडीवर पेस्ट केल्याने तो प्रश्नच येत नाही.

या खटाटोपात आपण वापरणाऱ्याचं सामान हलवतो, ते जागेवर ठेवायची जबाबदारी आपली. अनामिक रजिस्टर, त्याचा प्रकार, क्लिपबोर्ड ऑप्शन, सिलेक्शन ऑप्शन आणि व्हिज्युअल निवडीच्या खुणा हे सगळं आधी जपून ठेवा. सिलेक्शन ऑप्शन काही जणांकडे ‘एक्सक्लूझिव्ह’ असतो, आणि तसा असला की निवडीतलं शेवटचं अक्षर सुटतं. म्हणून कामापुरता तो ‘इन्क्लूझिव्ह’ करा. परत ठेवणं ट्राय-फायनलीच्या फायनली भागात लिहा, म्हणजे मध्ये एरर आला तरी ते होतं. ओळवार प्रकारात हा सगळा व्याप टाळता येतो: गेटलाइनने ओळी घ्या, बदला, सेटलाइनने ठेवा. रजिस्टरला हात लागत नाही.

आता प्रत्यक्ष बदल. लाख-कोटीच्या स्वल्पविरामाचा नियम आपण तोंडी वेगळ्या तऱ्हेने सांगतो, शेवटचे तीन आणि मग दोन-दोन. पॅटर्नसाठी तो असा मांडा: ज्या अंकाच्या उजवीकडे, दशांशचिन्हापर्यंत, विषम संख्येने अंक उरतात आणि ते निदान तीन असतात, त्याच्यानंतर स्वल्पविराम. 150875 मध्ये पहिल्या १ नंतर पाच अंक उरतात, म्हणून स्वल्पविराम. 150 नंतर तीन उरतात, म्हणून स्वल्पविराम. बाकी कुठेही नाही. मिळालं 1,50,875. विमच्या पॅटर्नमध्ये ‘दोन अंकांच्या एक किंवा अधिक जोड्या आणि एक अंक, त्यापुढे अंक नाही’ अशी पुढे पाहण्याची अट एका ओळीत लिहिता येते. दोन काळज्या घ्या. आधीचे स्वल्पविराम काढून मग नवे घाला, कारण काही प्रोग्रॅम 1,234,567 असं तीन-तीनचं लिहून ठेवतात. आणि दशांशचिन्हानंतरच्या भागाला शिवू नका. असं केलंत तर ऑपरेटर एकाच रकमेवर दोनदा चालवला तरी निकाल तोच राहतो, आणि रोजच्या वापरात हा गुण फार मोलाचा आहे.

अंक देवनागरी करायला टीआर नावाचं छोटं फंक्शन पुरतं. डावीकडे दहा इंग्रजी अंक, उजवीकडे दहा देवनागरी अंक. बहुबाइटी अक्षरं ते नीट हाताळतं. क्रम मात्र पाळा: आधी स्वल्पविराम, मग देवनागरी. विमच्या पॅटर्नमधला ‘अंक’ म्हणजे बॅकस्लॅश-डी हा फक्त इंग्रजी अंक ओळखतो, ०-९ ओळखत नाही. कंट्रोल-ए ने आकडा वाढवणंही देवनागरी अंकावर चालत नाही. त्यामुळे देवनागरीकरण सगळ्यात शेवटी. दोन वेगळे ऑपरेटर ठेवा. एकात दोन्ही कोंबू नका. छापायच्या पट्टीला दोन्ही लागतात, बँकेला पाठवायच्या फाइलीला फक्त पहिला.

टिंबाचं सांगतो, कारण तुमचा अर्धा त्रास तोच होता. टिंब शेवटचा एक बदल पुन्हा करतं. लांब मॅपिंग म्हणजे एकामागून एक अनेक बदल, म्हणून शेवटचा तेवढा पुन्हा झाला. जी@ मधून गेलेलं काम विमच्या लेखी एकच बदल असतं, त्यामुळे टिंब ते पूर्ण करतं, नव्या जागेच्या आय-आर वर. यू ने परतही एका झटक्यात येतं. फक्त ऑपरेटर काही विचारणारा असेल, समजा ‘कुठल्या चिन्हात गुंडाळू?’, तर तो प्रश्न जी@ परत करण्याच्या आधी, मॅपिंगच्या वेळी विचारा आणि उत्तर स्क्रिप्टच्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. काम करणाऱ्या भागात विचारलात तर प्रत्येक टिंबाला प्रश्न पुन्हा येतो. आणि एक्सप्रेशन चालू असताना मजकूर बदलायला किंवा नॉर्मल कमांड चालवायला विम मनाई करतो, हेही त्या पहिल्या भागात लक्षात ठेवा.

याच पद्धतीचा दुसरा उपयोग साताऱ्याकडे पोथ्या जुळवणाऱ्यांना होतो. विमचा वाक्याचा ऑब्जेक्ट पूर्णविराम, उद्गारचिन्ह आणि प्रश्नचिन्ह एवढंच जाणतो. दंड (।) त्याला कळत नाही. ओवीबद्ध मजकुरात आय-एस म्हटलं की पानभर मजकूर निवडला जातो. ‘ओवी’चा ऑब्जेक्ट वेगळा लिहावा लागतो, आणि त्याची शेवटची खूण नुसता दुहेरी दंड नव्हे, तर ‘दुहेरी दंड, क्रमांक, दुहेरी दंड’ ही पूर्ण जोडी. क्रमांकासाठी चौकोनी कंसात ०-९. शिवाय दुहेरी दंडाच्या जागी दोन एकेरी दंड टाइप केलेले असतातच, म्हणून पॅटर्नमध्ये दोन्ही मान्य करा. तो जमला की ओवी हलवणं, काढणं, दोन पाठ शेजारी ठेवणं विमच्या मूळ ऑपरेटरांनीच होतं.

निओविम वापरत असाल तर ल्युआ या भाषेत लिहा, पण ऑपरेटरफंकला ल्युआ फंक्शन थेट देता येत नाही. ‘व्ही कोलन ल्युआ’ने सुरू होणारं नाव स्ट्रिंग म्हणून द्यावं लागतं. ईमॅक्स या संपादकात विमसारख्या की देणारं एव्हिल वापरणाऱ्यांना ऑपरेटर आणि टेक्स्ट ऑब्जेक्ट दोन्हीसाठी तयार मॅक्रो आहेत. व्हीएस कोडच्या नेहमीच्या विम एक्स्टेंशनमध्ये विमस्क्रिप्ट चालत नाही, तिथे हे करत बसू नका. आतून खरा निओविम चालवणारं दुसरं एक्स्टेंशन आहे, ते घ्या. साध्या पॅटर्नचे ऑब्जेक्ट बरेच लागणार असतील तर काना नात्सुनो यांचं टेक्स्टऑब्ज-यूझर प्लगिन सुरुवात-शेवटाचे पॅटर्न घेऊन मॅपिंग स्वतः तयार करतं. पट्टीसारख्या, तपासण्या लागणाऱ्या ऑब्जेक्टला मात्र त्यातही फंक्शन लिहावंच लागतं, म्हणून पहिला ऑब्जेक्ट हाताने लिहा असं मी सांगेन.

हे सगळं व्हीआयएमआरसी या विमच्या सेटिंगच्या फाइलीत टाकू नका. पट्टीच्या फाइलींना एक वेगळा फाइलटाइप द्या आणि मॅपिंग त्या फाइलटाइपच्या प्लगिन फाइलीत, ‘बफर’ शब्द जोडून लिहा, म्हणजे आय-एच आणि आय-आर फक्त पट्ट्यांतच जिवंत राहतात. शेजारी एक चाचणीची फाइल ठेवा. तिच्यात निव्वळची ओळ नसलेली पट्टी, मालाच्या दोन ओळींची पट्टी, वर-खाली रिकाम्या ओळी, आधीच तीन-तीनने स्वल्पविराम दिलेली रक्कम आणि ओळीच्या अगदी शेवटी देवनागरी शब्द, एवढं हवंच. फंक्शनमध्ये काहीही बदललं की आधी त्या फाइलीवर डी-ए-एच, सी-आय-आर आणि लीडर-एस-आय-आर चालवा, प्रत्येकानंतर टिंब दाबा, प्रत्येकानंतर यू दाबा. यू दाबल्यावर फाइल तंतोतंत पहिल्यासारखी झाली की मगच दिवसाची खरी फाइल उघडा.